कपात उरलेलं

ढवळायची काठी डब्यात घातली आणि हात सोडला, तर ती तशीच उभी राहिली. लॅकर कसं वाहायला हवं. यात काठी उभी. बोटाने दाबून पाहिलं तर वरचा थर थोडा आत गेला आणि परत वर आला, एखाद्या गुबगुबीत माणसाच्या दंडासारखा. शनिवारी मी याच डब्यातून कपभर लॅकर काढलं होतं, तेव्हा डबा जवळजवळ भरलेला होता आणि आतलं लॅकर पातळ, स्वच्छ होतं. आज बुधवार, आणि आत नुसता डिंक. झाकण नीट लावलेलं होतं, पण कडेवरून एक ओघळ आला होता आणि वाळून पिवळा पडला होता. मी डब्याच्या कडेवर ओघळ ठेवत नाही. म्हणजे ओतणारा हात दुसऱ्याचा. या घरात हात एकूण चार, त्यांतले दोन माझे.

कपात उरलेलं लॅकर कुणीतरी डब्यात परत ओतलं होतं. यात एवढं काय बिघडलं ते हे लॅकर ठाऊक नसलेल्याला कळणार नाही, आणि ठाऊक असलेली माणसं या शहरात फार नाहीत. जी आहेत त्यांतली निम्मी थापा मारतात. साधं लॅकर वाळतं म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. पुन्हा थिनर लावला की ते पुन्हा विरघळतं, त्याला ना लाज ना शरम. हे तसलं नव्हे. यात वापरायच्या आधी हार्डनर घालावा लागतो, आम्लाची छोटी बाटली येते सोबत, मोजून घालायचा, जास्त नाही कमी नाही. तो पडला की आतल्या आत रसायन सुरू होतं आणि मग ते थांबत नाही. लाकडावर असो की कपात, ते घट्ट होत जातं, आणि एकदा झालं की थिनर नाही, स्पिरिट नाही, उकळत्या चहाचा कप नाही, कशालाच दाद देत नाही. म्हणून लागेल तेवढंच मिसळायचं, आणि उरलं तर ते कपातच मरू द्यायचं. विरजणाचा थेंब दुधात पडला की पातेलं दही व्हायचं थांबत नाही, तसंच. यात कुणाला आयुष्याचं तत्त्वज्ञान दिसत असेल तर त्याने खुशाल पाहावं. मी शनिवारी लॅकरचं काम शिकवतो, त्या वर्गात दर खेपेला एकाला तरी ते दिसतंच, आणि तो ते मोठ्याने बोलूनही दाखवतो. मला त्यात फक्त वाया गेलेला डबा दिसतो.

आईला काही वाया घालवणं जमत नाही. पेल्यात उरलेलं पाणी परत जगमध्ये, तळणीतलं तेल बरणीत, साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून त्यांचा नवा साबण. तो हातात घेतला की पाच रंगांचा आणि पाच वासांचा. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उरलेल्या गोळ्या तिने एकाच बाटलीत भरून ठेवल्या, पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, सगळ्या एकत्र. ती बाटली कित्येक वर्षं कपाटात होती, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. कुणाला पडणार होती? बाबांसारखंच कुणी मरायला निघालं असतं तर त्याला. मी ती एकदा तिच्या नकळत फेकून दिली आणि ती तिने कचऱ्यातून परत आणली. असल्या बाईच्या घरात मी असलं लॅकर वापरतो, म्हणजे चूक माझीच, असं एखादा भला माणूस म्हणेल. मी भला माणूस नाही. मी काठी उपटायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यात मोडली, आणि मोडलेला तुकडा हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो.

आई खिडकीशी बसून सुई ओवत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"डब्यात काय ओतलंस?"

"कपात राहिलं होतं ना," ती वर न बघता म्हणाली.

"म्हणून?"

"वाया कशाला घालवायचं, म्हटलं."

"ते परत ओतायचं नसतं."

"असं होय," ती म्हणाली. दोरा एकदाचा सुईत गेला. मग तिला खोकला आला, तो नेहमीचा, कोरडा, खालून वर चढत जाणारा, आणि तो संपेपर्यंत मी काठीचा तुकडा धरून उभा राहिलो. संपल्यावर ती म्हणाली, "आता पेटीचं कसं?"

"नवा डबा आणतो. रविवारच्या आत होते पेटी."

"घाई करू नकोस. घाईचं काम तुझं तुलाच आवडत नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. रविवारी ताई तिला न्यायला येणार होती, कायमची. महिन्यापूर्वी ताई आणि भावोजी जेवायला आले होते, तेव्हा मी आतल्या खोलीत एका घड्याळाच्या चौकटीवर हात मारत होतो. खोलीला पंखा आहे, तो वास बाहेर फेकतो, पण वाऱ्याची मर्जी फिरली की तोच वास अंगणातून वळून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो. हार्डनर पडलेल्या लॅकरचा वास साधा नसतो, डोळ्यांत चुरचुरतो, घशात बसतो. आई जेवताना खोकत राहिली आणि ताईने चमचा खाली ठेवला. ताईची चमचा खाली ठेवण्याची एक पद्धत आहे. तिच्या शाळेत तिने तो ठेवला की शिक्षक उठून उभे राहत असतील. "आईला हे रोज सहन करायला लागतं?" तिने विचारलं. भावोजींनी लगेच फोनवर काहीतरी शोधलं आणि ते वाचून दाखवलं; त्यांना जगातलं सगळं त्या फोनमुळे कळतं, फक्त आपण किती बोलतो ते कळत नाही. फुप्फुसं, रसायनं, अमुक टक्के. ताई म्हणाली, आमच्याकडे मोकळी खोली आहे, झाडं आहेत, आई तिकडेच बरी. मी म्हटलं, "मी कोणाला अडवत नाही." हे माझं आवडतं वाक्य आहे. नोकरी सोडताना म्हटलं, एक लग्न ठरता ठरता मोडलं तेव्हा म्हटलं, शिकायला आलेले लोक वर्ग अर्ध्यात सोडून जातात तेव्हाही म्हणतो. त्यात एक ताठपणा आहे, तो मला बरा वाटतो. आई ताटातलं पुसून घेत होती. मूग गिळून बसणं हा आमच्या घराण्याचा मुख्य व्यवसाय आहे. दागिने, जमीन काही नाही, पण मूग आहेत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझी शिवणाची पेटी तेवढी नीट करून दे. ती झाली की जाते." ताईला हे पुरेसं वाटलं. मलाही पुरेसंच वाटायला हवं होतं.

ही पेटी म्हणजे काही कलाकुसरीचा नमुना नाही. आई शाळेत शिवण शिकवायची तेव्हाची, झाकणाची, आत दोन मजली कप्पे, सुया आणि रिळं ठेवायला. वर लाखेचं पॉलिश होतं, तेही कुणीतरी कापसाने फासलेलं, आणि मधोमध इस्त्रीच्या टोकाचा काळा त्रिकोण. एका मुलीने गरम इस्त्री त्यावर टेकवली होती. तिचं नाव आई सांगायची नाही, बिचारी आधीच रडत होती म्हणून, आणि मी लहानपणी त्या अनामिक मुलीचा मनापासून तिरस्कार करायचो. लाखेचं पॉलिश म्हणजे साखरेचा पाक. पाणी पडलं की पांढरं, ऊन लागलं की चिकट, स्पिरिटचा बोळा फिरवला की सगळं हातात. मी ते अर्ध्या तासात काढलं, लाकूड घासलं, काळा त्रिकोण अगदी पुसट झाला, लाकडाची छिद्रं बुजवायला सीलर मारला, आणि शनिवारी वर्गातल्या लोकांना दाखवायला म्हणून पहिला हात चढवला. आता दुसरा आणि तिसरा राहिला होता. पातळ, तीनच हात. लोकांना वाटतं जितके जास्त तितकं चांगलं, आणि मग जाड थर काचेसारखा तडकतो आणि ते माझ्याकडे येतात आणि म्हणतात, तुमचं लॅकर फालतू होतं.

रंगाच्या दुकानाकडे जाताना मी मनातल्या मनात आईशी भांडत होतो. प्रत्यक्षात आम्ही भांडत नाही, ते काम ताईचं. रस्त्यावर नळ दुरुस्त करणाऱ्यांनी खड्डा खणला होता आणि त्याच्याभोवती पाच जण उभे राहून एकाला काम करताना पाहत होते. मला वाटलं, हाच आपला देश, कुठलाही असो. प्रयोगशाळेत असताना मी असाच पाहणाऱ्यांतला होतो. रंगाच्या कंपनीत वीस-बावीस वर्षं मी पत्र्याच्या पट्ट्यांवर लॅकर चढवलं, कडकपणा मोजायला त्यावर पेन्सिली ओढल्या, ऊन, पाणी, घाम, चहा, सगळं ओतलं आणि काय टिकतं काय टिकत नाही ते लिहून ठेवलं. मग कंपनीने प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात नेली आणि मी गेलो नाही. आईला एकटं टाकून गेला नाही, असं ताई लोकांना सांगते, म्हणजे निदान पूर्वी सांगायची. खरं कारण म्हणजे मला नवा साहेब आवडला नव्हता. मी तेव्हा सगळ्यांना हेच सांगितलं होतं आणि सांगता सांगता ते खरंच झालं. साहेब तसा वाईट नव्हता. त्याने दोनदा घरी येऊन समजावलं, आईने त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर ती म्हणाली, "माणूस चांगला दिसतो." मी म्हटलं, "सगळेच चांगले दिसतात." त्या संध्याकाळी तिने उरलेला चहा किटलीत परत ओतला आणि झाकण लावलं, आणि आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

दुकानात एक जण आधीच उभा होता. हातात लाकडी आगगाडी, स्वतः केलेली, चाकं एकमेकांकडे बघणारी. त्याला तिला चमक हवी होती. "आरशासारखी," तो म्हणाला. सगळ्यांना आरसाच का हवा असतो कोण जाणे. आरशात दिसणार काय, तर हेच. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं, हे मास्तर, यांना विचारा. मी काही लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसलेलो नाही, पण विचारल्यावर मला गप्प बसता येत नाही, हा माझा रोग आहे. मी सांगितलं: एवढ्याशा कामाला कारखान्यातून हार्डनर मिसळूनच येतं ते लॅकर घ्या, त्यात मोजमाप नाही, डबा उघडा, ढवळा, मारा, झाकण लावा, काही महिने टिकतं. ब्रशने मारू नका, ब्रश पुढे जाईपर्यंत मागचं वाळतं आणि रेघा राहतात. फवारा. पावसाळी हवेत मारू नका, दुधाळ होतं. मेणाच्या पॉलिशवर मारू नका, धरत नाही. आणि लहान मूल ती तोंडात घालणार असेल तर पूर्ण कडक होईपर्यंत, वास पूर्ण जाईपर्यंत हातात देऊ नका, चांगले काही आठवडे. तो म्हणाला, "मग तुम्ही ते दुसरं का घेता, बाटलीवालं?" मी म्हटलं, "कारण ते सर्वांत कडक होतं." "पण त्रास जास्त दिसतो." "त्रास जास्तच आहे. उरलं तर परत डब्यात टाकता येत नाही. ते म्हणजे विरजण..." आणि तिथे माझं वाक्य अडकलं.

विरजण हा शब्द माझा नव्हता. मी प्रयोगशाळेतला माणूस, मला रसायनाची भाषा येते. मी असं कधी बोलत नाही. वर्गात एक निवृत्त इंजिनिअर येतात, त्यांना आम्ही 'अधिक माहिती' म्हणतो, कारण कुठल्याही गोष्टीवर ते म्हणतात, "याबद्दल अधिक माहिती मिळेल का?" गेल्या वर्षी एका शनिवारी त्यांच्या कपात थोडं उरलं आणि ते डब्याकडे वळले. मी पाठमोरा होतो. दारात आई बसली होती, ती शनिवारी नेहमी बसते, रफू करत, नाकावर ओढणी घेऊन, आणि मला वाटायचं ती तिथे कंटाळा घालवायला बसते. ती म्हणाली, "अहो, नका, नका परत ओतू. विरजण आहे ते. सगळं पातेलं जाईल." अधिक माहितींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "बरोबर सांगतेय ती." पुढच्या वर्गापासून मी ते वाक्य माझं म्हणून वापरू लागलो, कारण ते चांगलं होतं. एवढं चांगलं की आज सकाळी डब्यात काठी उभी राहिली तेव्हाही मला तेच आठवलं. आणि डोळ्यांत तेल घालून जिने तेव्हा तो डबा वाचवला, ती बाई आज सुई ओवत ओवत मला म्हणते, असं होय.

दुकानदाराने विचारलं, "मागच्या महिन्यात तर नेला होता डबा, संपला?" मी म्हटलं, "संपला." नवा डबा आणि बाटली घेऊन मी निघालो. रस्त्यावरचा खड्डा तसाच होता, आता त्याच्याभोवती सहा जण होते.

म्हणजे तिने मुद्दाम केलं. घरी येईपर्यंत मी हे पुन्हा पुन्हा तपासलं, जसं पट्टीवर तीच पेन्सिल पुन्हा ओढायची, आणि प्रत्येक वेळी तीच रेघ उमटली. पेटी झाली की जाते, असं तिने म्हटलं. मग पेटीच होऊ नये असं केलं. मला त्या क्षणी जे वाटलं ते प्रेमबिम नव्हतं. चीड होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही तिची जन्माची रीत. बाबांना शिवणयंत्र विकायचं होतं तेव्हा गिऱ्हाईक दारात आलं आणि यंत्राचा पट्टा नाहीसा झाला, गिऱ्हाईक गेल्यावर दोन दिवसांनी तो तिच्या उशीखाली सापडला, आणि ती म्हणाली, "अगंबाई, इथे कसा?" मावशीने तिला महिनाभर राहायला बोलावलं तेव्हा तिकिटं बाबांच्या खिशातून धुण्यात गेली. नको असेल तर नको म्हणावं. माणसाला तोंड असतं. पण तोंडाचा उपयोग ती दोरा तोडायला करते. आणि ताई, शाळा चालवते, दोनशे मुलींना उभं करते आणि बसवते, तिला स्वतःच्या आईच्या गप्प बसण्याचा अर्थ कळत नाही. भावोजींचं तर सोडाच, त्यांना फोनमध्ये सापडेल ते कळेल. मी असा एकेकाला झोडपत चाललो होतो, आणि मग इमारतीच्या जिन्यापाशी, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेताना, मला नवा साहेब आठवला, माणूस चांगला दिसतो तो. मला साहेब आवडला नाही, म्हणून मी गेलो नाही. मीही माझं भांडं लपवलंच होतं की. खाण तशी माती. ही गोष्ट मला फार अपमानकारक वाटली. चार पायऱ्या चढेपर्यंत तरी वाटत राहिली.

नको म्हण, असं मी तिला म्हणू शकलो असतो. तिने म्हटलं असतं तर मी काय म्हटलं असतं? मी कोणाला अडवत नाही. तिला ते माहीत होतं. ते वाक्य तिने माझ्याइतकंच ऐकलं आहे. दार बंद करून आत बसलेल्या माणसाकडे मागणं मागायला कोण जाईल? ती मागच्या दाराने आली आणि डब्यात ओतून गेली.

शुक्रवारी दुपारी मी पेटी टेबलावर घेतली. पहिला हात पूर्ण घट्ट झाला होता, म्हणून बारीक पॉलिश पेपरने घासला, नाहीतर दुसरा त्याला धरत नाही. धूळ पुसली. नवा डबा उघडला, कपात मोजून लॅकर घेतलं. मग हार्डनरची बाटली घेतली. तिचं बूच फिरवलं की पहिल्यांदा नाक कळवतं, मग डोळे. स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि मधूनमधून थांबत होता. ती ऐकत होती. या वासाची चाहूल तिला माझ्याइतकीच लागते. तो आला की ती खिडकी लावते, ओढणी घेते, आणि मग खोकते. गेली कित्येक वर्षं मी या भिंतीपलीकडचा तो खोकला ऐकत काम केलं आहे, आणि तो पंख्याच्या आवाजासारखा झाला होता, बंद पडला तरच लक्षात येणारा. ताई म्हणाली ते खरं होतं. ताईचं म्हणणं खरं असतं, हेच तिच्याबद्दल सगळ्यांत असह्य आहे. मी बाटलीचं बूच फिरवलं नाही. बाटली परत फळीवर ठेवली आणि कपातलं लॅकर तसंच, हार्डनरशिवाय, फवारायच्या गनमध्ये ओतलं. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फी परत देऊन घरी पाठवलं असतं. हार्डनरशिवाय हे लॅकर वाळल्यासारखं दिसतं, चमकतंही छान, पण आतून कधी घट्ट होत नाही. नख लावलं की खूण, बोट दाबलं की ठसा. लबाडाच्या सौजन्यासारखं. मी आयुष्यात जाणूनबुजून केलेलं हे पहिलं वाईट काम, आणि हात इतका सफाईने फिरला की मलाच नवल वाटलं. एक ओघळ नाही, एक बुडबुडा नाही.

स्वयंपाकघरात भांडी पुन्हा वाजू लागली. खोकला आला नाही.

कपात थोडं उरलं होतं. मी ते फळीवर ठेवून हात धुवायला गेलो. संध्याकाळी पाहिलं तर त्यावर बशी उपडी घातलेली होती, हवा जाऊ नये अशी, नीट बसवून. मी ती तशीच ठेवली. शनिवारचा वर्ग रद्द केला. अधिक माहितींचा फोन आला, रद्द का केला याबद्दल अधिक माहिती मिळेल का म्हणून. मिळाली नाही.

रविवारी ताई रिकामी बॅग घेऊन आली, आईचे कपडे भरायला. भावोजी आतल्या खोलीत येऊन पेटीभोवती हात मागे बांधून फिरले, जणू प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते आहे. "सुंदर," ते म्हणाले. "वाळली असेल ना? मी वाचलं की दोन तासांत हाताळता येतं."

"कुठे वाचलंत?" मी विचारलं.

"सगळीकडे तसंच आहे."

तोपर्यंत आई आली. तिने ओढणी घेतली नव्हती. पेटीजवळ जाऊन तिने अंगठा झाकणाच्या कोपऱ्यावर ठेवला, दाबला, आणि तसाच धरून ठेवला, जसा कापडाचं माप घेताना धरतात. उचलला तेव्हा झाकणावर तिचा अंगठा होता, रेघांसकट.

"ओली आहे," ती म्हणाली.

ताईने वाकून पाहिलं. "मग पेटी राहू दे इथे. झाली की तो आणून देईल. तू चल."

"पेटीशिवाय मी तिथे काय करू?"

"आई, पेटीचा प्रश्न नाही, तुझ्या खोकल्याचा आहे."

"परवापासून नाही खोकले मी."

ताईने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा तो चमचा खाली ठेवतानाचा झाला. "तू काही बदललंस?"

"वेगळं लॅकर आहे."

"बिनत्रासाचं?"

"हो."

"मग ते आधीच का नाही वापरलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं. कडकपणा, पेन्सिलचे आकडे, गरम चहाचा कप, वीस-बावीस वर्षांच्या पट्ट्या. हे उत्तर मी झोपेतही देऊ शकलो असतो. दिलं नाही. भावोजी फोन काढत होते. आई पेटीच्या कोपऱ्याकडे पाहत होती, तिच्या अंगठ्याकडे, आणि तिच्या हातात कालपासूनचा एक रुमाल होता, तो ती उगीच घडी करत होती आणि मोडत होती. आता ती मूग गिळून बसेल, आणि मीही बसेन, आणि ताई बॅग भरेल, आणि हे सगळं व्यवस्थित, शिष्टाचारात पार पडेल. माझ्या आवडत्या वाक्याची पहिली दोन अक्षरं माझ्या तोंडात आलीसुद्धा.

"राहू दे तिला इथे," मी म्हटलं.

माझा आवाज मला परका वाटला, दुसऱ्याच कुणाचा, तोही पडसं झालेल्याचा. ताई माझ्याकडे वळली.

"हे तू म्हणतोयस?"

"पेटी वाळेपर्यंत."

"आणि ती कधी वाळणार?"

"सांगता येत नाही."

ताई मूर्ख नाही, मी कितीही म्हटलं तरी. तिने झाकणावरचा ठसा पाहिला, फळीवरची न उघडलेली बाटली पाहिली, बशी घातलेला कप पाहिला. तिला त्यातलं रसायन कळलं नसेल, पण आम्ही दोघं कळलो असणार, कारण ती याच घरात वाढली आहे आणि त्या मुगांपासून पळूनच तिने शाळा काढली. "दोघंही सारखेच," ती म्हणाली. "तोंडाने बोलायचं म्हटलं की तुम्हा दोघांना ताप येतो." मग ती आईला म्हणाली, "पुन्हा खोकलीस तर मी काही विचारणार नाही, उचलून नेईन." तिने रिकामी बॅग उचलली. भावोजी जाता जाता म्हणाले, की कडक व्हायला फार वेळ लागत असेल तर हार्डनर कमी पडला असेल, त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, "असेल." पहिल्यांदाच त्यांचं काही बरोबर होतं.

ते गेल्यावर मी पेटीकडे पाहत उभा राहिलो. ठसा थिनरच्या एका बोळ्याने जाईल, वरचा हात पुन्हा काढता येईल, पुन्हा चढवता येईल, पुन्हा काढता येईल. लाखेच्या पॉलिशला मी याच कारणासाठी जन्मभर नावं ठेवली. शनिवारी वर्गात काय सांगायचं याचा मी विचार करत होतो आणि काही सुचत नव्हतं.

आई दारात आली. "या वेळी बाटली नाही उघडलीस," ती म्हणाली.

"विसरलो."

"तू?" तिच्या आवाजात जी तुच्छता होती ती मी ओळखली, ती मला तिच्याकडूनच आली असणार, बाबा तर साधे होते. ती आत आली, फळीवरचा कप घेतला, बशी काढली, कप थोडा तिरका करून पाहिला. लॅकर पातळ होतं, अगदी शुक्रवारसारखं, कपाच्या कडेला लागून निवांत हललं. मग तिने डब्याचं झाकण उघडलं आणि कप डब्यावर धरून थांबली, माझ्याकडे पाहत. तिला बहुधा माझ्या ओरडण्याची वाट पाहायची होती. मी खण उघडला.

"थांब," मी म्हटलं. "गाळून ओत. धूळ पडली असेल."

आणि गाळणी डब्यावर धरली.